पंधरा फूट

जालन्यात, भोकरदन नाक्याच्या अलीकडं, निसारभाईंच्या शेडात
जगातल्या झाडून सगळ्या महाग गाड्या मी चालवल्यात,
प्रत्येक पंधरा फूट.
धुण्याच्या रॅम्पवरून पॉलिशच्या दिव्यांखाली, एवढंच.
काट्याखाली तीनशेवीस लिहिलेलं असतं.
माझा काटा झोपेत कूस बदलावी तेवढा हलतो.

कंपनीची नावं आम्ही घेत नाही. आमच्यात
कडीवाली, चांदणीवाली, फिरकी, घोडा.
लुणियाशेठची कडीवाली. रोलिंग मिल.
खांडेभराड साहेबांची चांदणीवाली. बियाणं.
ह्यांनी दसऱ्याला काळी घेतली
की त्यांनी पाडव्याला त्याहून काळी.

"मुंजाजी, खरं सांग, कोणती भारी?"
दोघंही विचारतात,
दुसऱ्याची गाडी शेडात नसताना.

आता काय सांगावं.
चांदणीवालीचं दार लागतं ते गादीवर उशी ठेवल्यागत.
बियाण्याच्या डीलरांना ते बरं वाटतं,
आत बसलेला माणूस उधारीसाठी ओरडणार नाही असं.
कडीवालीचे दिवे भुवई उचलल्यासारखे,
एमआयडीसीच्या गेटावरचा वॉचमन
हॉर्नच्या आधी उठतो.
फिरकी पोरं घेतात, बाप नको म्हणत असताना.
तिचं स्टेअरिंग हाताशी बोलतं म्हणे.
माझ्याशी तिचं मागचं टायर बोलतं,
आतल्या कडेनं झिजलेलं:
काल रात्री समृद्धीवर कोण, किती वेगानं.
आणि घोडा एकच. मालक दुबईत.
बॅटरी उतरू नये म्हणून दर शनिवारी मी सुरू करतो,
तेव्हा शेजारच्या हॉटेलातला पोऱ्या
कप विसळायचं थांबतो.

शेठ-साहेबांचं कशावरून बिनसलं, कुणाला नक्की ठाऊक नाही.
कुणी प्लॉट म्हणतं. कुणी म्हणतं शाळेतला बाक.
शोरूमचा माणूस आला होता संभाजीनगरहून, टाय लावून.
ह्यांच्याकडं चहा घेतला: "त्यांनी बघून ठेवलीय."
त्यांच्याकडं नाश्ता केला: "ह्यांनी बघून ठेवलीय."
जाहिरातीला त्या साली
जालन्यात त्याचा रुपया लागला नाही.

आमच्या गल्लीत नळ बाराव्या दिवशी येतो.
इथं एका गाडीला दोन बादल्या, एक फेसाची, एक निवळ.
मग हातात पातळ पिशवी घालून बोनेटवरून तळवा फिरवायचा.
निसारभाईंची शिकवण,
उघड्या हाताला कळत नाही ते पिशवीतून कळतं.
आणि लागतात. खसखशीएवढे. गंजाचे दाणे.
भट्ट्यांची लोखंडी धूळ रात्री उडते
आणि पहाटेच्या दवात रंगात रुतून बसते.
लुणियाशेठच्या गाडीवर लुणियाशेठच्याच चिमणीची.
खांडेभराडांच्या गाडीवरही तीच.
औषध मारलं की जांभळी होऊन ओघळते,
जांभळं खाल्लेल्या पोराच्या लाळेसारखी.

हे मी एकदाच बोललो.
खांडेभराड साहेब हसले,
"म्हंजे ते रोज माझ्या डोक्यावर बसतेत व्हय?"
दुसऱ्या दिवशी गाडीला कव्हर आलं.
शेठला मी सांगितलं नाही.
कामून सांगू?

परवा एक नवीच आली, बिनआवाजाची.
बोनेटवर ना कडी ना चांदणी,
नुसतं एक अक्षर, वाचता न येणारं.
सुरू झाली का नाही तेच कळंना.
"घे म्होरं," निसारभाई म्हणाले.
पाय ठेवला,
आणि पंधरा फूट
माझ्या आधीच संपले.

भिंत बोटभर राहिली.
निसारभाई काही बोलले नाहीत. पोऱ्या हसला नाही,
त्याला ऐकूच आलं नव्हतं.
मी उतरलो. दार लावलं.
मग परत उघडून लावलं,
कसं वाजतं ते बघायला.